भाड्याच्या घरात हॉलचे दोन भाग करायचेत, पण कायमचे नाही. काय वापरावं?

मुक्ता_डोंबिवली

नमस्कार मंडळी, जरा सविस्तर लिहिते. डोंबिवलीत भाड्याचा वन बीएचके आहे, हॉल १६ बाय १० फूट, आणि दहा फुटी बाजूला बाल्कनीचा सरकता दरवाजा, उजेड आणि वारा काय तो तेवढाच. सासूबाईंचं गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हापासून त्या आमच्याकडेच आहेत आणि त्यांचा पलंग हॉलमधेच बाल्कनीच्या बाजूला लावलाय. मुलगी दहावीला, तिला बेडरूम दिलीये. माझं आठवड्यातले तीन दिवस घरून काम असतं ते हॉलमधल्या डायनिंग टेबलावर, म्हणजे मी मीटिंगला कॅमेरा चालू करायचा आणि मागे आई पायाला तेल लावतायत किंवा साडी बदलायला उठायला बघतायत, मग त्या तशाच बसून राहतात माझी मीटिंग संपेपर्यंत. बोलत नाहीत काही पण मला दिसतं ना, मला ते अजिबात बरं वाटत नाही.

सुताराला बोलावलं होतं, तो म्हणाला ताई प्लायची फ्रेम करू, वर काच, खाली लॅमिनेट, जमिनीपासून स्लॅबपर्यंत एकदाच काय ते फिट करून टाकू. पण घरमालक भिंतीला आणि स्लॅबला ड्रिल मारू देत नाहीत. करार संपला की घर बदलायचीही शक्यता आहे, मग ते सगळं तोडूनच टाकावं लागणार. शिवाय आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती असतो, तेव्हा हॉल पूर्ण मोकळा लागतो.

ऑनलाइन घडीचे स्क्रीन बघितले, फोटो छान असतात पण खाली बारीक अक्षरात इंजिनिअर्ड वूड, म्हणजे लाकडाचा भुसा-तुकडे दाबून केलेली फळी. तसलं एक शेल्फ आमच्याकडे होतं, दोन पावसाळ्यांत खालून फुगलं आणि भंगारवाल्यानेही नेलं नाही. बिल्डिंगच्या मागे असल्या मोडक्या फर्निचरचा ढीग पडलेला असतो, त्यात माझी आणखी भर नको. तर उचलता येईल, दुरुस्त करता येईल, पुढच्या घरात नेता येईल असं काय आहे? बजेट १५ ते २० हजार.


चौकट

मुक्ताताई, मी पुण्यात इंटिरिअरची कामं करतो. आधी एक ठरवा, तुम्हाला अडवायचं काय आहे? नजर, आवाज, उजेड की वारा? चारही एकदम अडवणारी गोष्ट म्हणजे भिंत, आणि भिंतीचं वजन लोकांच्या लक्षात येत नाही, दहा फूट लांब नऊ फूट उंच चार इंची विटांची भिंत दोन्ही बाजूंनी प्लास्टर धरून दोन टनांच्या आसपास जाते, स्लॅबवर कुठेही उभी करायची गोष्टच नाही ती. तुमच्या वर्णनावरून तुम्हाला फक्त नजर अडवायचीये. उजेड आणि वारा तर अजिबात अडवून चालणार नाही, कारण खिडकी एकाच टोकाला आहे, मधे छतापर्यंत काही उभं केलं की आतली बाजू दिवसाही ट्यूब लावून बसायची जागा होईल आणि डोंबिवलीच्या दमट हवेत तिथे मे महिन्यात बसवणार नाही.

म्हणून उंची साडेपाच फूट ठेवा, जास्त नको. खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे चार फुटांच्या आसपास असतात, लॅपटॉपचा कॅमेरा त्याहून खाली, उभा माणूसही साडेपाच फुटांवरून सहज डोकावत नाही. वरून पंख्याचा वारा दोन्हीकडे फिरत राहतो, एकाच पंख्यात काम भागतं.

प्रकार म्हणाल तर घडीचा स्क्रीन. २० इंच रुंदीच्या पाच चौकटी, मधे दोन्हीकडे वळणाऱ्या बिजागऱ्या. नागमोडी उभा केला की सव्वासात फुटांच्या आसपास जागा झाकतो, मिटला की २० इंच रुंद आणि सहा-सात इंच जाड, दाराआड जातो. सरळ रेषेत मात्र कधी उभा करायचा नाही, पडतो.

चौकटीला जुनं सागवान घ्या. जुन्या इमारती पाडतात तिथली दारं-खिडक्या विकणारे असतात, ते लाकूड पन्नास-साठ पावसाळे बघून झालेलं असतं, आता ते वाकणार नाही. आणि सुताराला बजावून सांगा की सगळं स्क्रूवर पाहिजे, फेविकॉल लावून ठोकून टाकायचं नाही. चौकटीच्या आतलं भरण बदलता आलं पाहिजे, आज कापड, उद्या चटई, परवा बांबू. इको फ्रेंडली म्हणून लेबल लावलेलं पण एकदा चिकटवलं की न सुटणारं काहीही घेऊ नका, एक कोपरा खराब झाला की सगळंच कचऱ्यात जातं.

ही कल्पना नवी नाही. नेदरलँड्समधे उट्रेख्त शहरात १९२४ साली रीटव्हेल्ट या डिझायनरने श्रोडर नावाच्या बाईंसाठी घर बांधलं. त्या विधवा, पदरात तीन मुलं. वरचा सगळा मजला दिवसा एकच मोकळी खोली आणि रात्री सरकत्या पार्टिशननी त्याच्या खोल्या व्हायच्या. मोकळेपणाचा आग्रह त्या बाईंचा स्वतःचा होता आणि १९८५ मधे वारल्या तोवर त्या त्याच घरात राहिल्या. मला हे घर फार महत्त्वाचं वाटतं, कारण घराने माणसांप्रमाणे बदलायचं हे तिथे एका आईने ठरवलं.


बेट_माणग्याचं

चौकटरावांशी सहमत, पण आतल्या भरणाला बांबू सोडून दुसरीकडे बघूच नका असं माझं मत. मी कुडाळकडचा, घराच्या मागे माणग्याची बेटं आहेत. माणगा म्हणजे आमच्या सिंधुदुर्गातला बांबू, काटे नसतात आणि बराचसा भरीव असतो, त्यामुळे चौकटीसुद्धा त्याच्या होतात, सागवान शोधत फिरायला नको. एक बांबू तोडला तरी बेट जिवंत राहतं, दर पावसात नवे कोंब येतात. २०१७ मधे वन कायद्यात बदल होऊन जंगलाबाहेर लावलेला बांबू झाडाच्या व्याख्येतून काढला, तेव्हापासून तोडायला आणि न्यायला परवान्याची कटकट उरली नाही, म्हणून आता गावोगाव लोक लावतायत.

पण घेताना डोळे उघडे ठेवून घ्या. बांबूचा शत्रू भुंगा. बांबूत स्टार्च असतो, तो खायला हा बारीक किडा आत शिरतो आणि मग खाली पिवळसर पिठी पडायला लागते. दुकानात ठेवलेल्या मालाच्या खाली जमिनीवर बघा, बोट फिरवा, पिठी लागली बोटाला तर तिथून निघा. बांबू तीन-चार वर्षांचा पक्का पाहिजे, कोवळा चालत नाही, वाळला की चिरतो. आमच्याकडे पाऊस संपल्यावर थंडीत तोडतात आणि जुने लोक ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगड ठेवून बुडवून ठेवायचे, आतलं सत्त्व निघून जातं. आता बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सच्या पाण्यात भिजवतात, घरातल्या वस्तूला ते पुरतं. फक्त बाल्कनीत पावसात ठेवू नका, ते बोरॅक्स धुऊन जातं आणि मग भुंग्याला रान मोकळं.

विणकाम बुरुडाकडूनच करून घ्या. पुण्यात बुरूड आळी आहे, मुंबई-ठाण्याकडेही बुरूड लोक बसतात, सुपं-टोपल्यांची मागणी प्लॅस्टिकने खाल्ली त्यांची. तुम्ही माप दिलंत की ते तट्ट्या, म्हणजे बांबूच्या चटया विणून देतील. बांबू चिरून केलेल्या पट्ट्या म्हणजे कामट्या, त्यात पाठीच्या वेगळ्या आणि पोटाच्या वेगळ्या असतात, पाठीच्या म्हणजे हिरव्या सालीच्या टिकाऊ, त्याच मागा आणि त्याचे पैसे द्या, घासाघीस करू नका कृपा करून.

आणि बांबूच्या भिंती काही परदेशातून आलेल्या नाहीत. कोकणातल्या घरांत कारवीच्या काठ्या बांधून वर शेणमातीचा गिलावा द्यायचे, त्या कुडाच्या भिंती. कारवी सात-आठ वर्षांनी एकदा फुलते आणि मग वाळते, तीच काठी घरात यायची. भिंत मोडली तरी मातीतच जायची.


ओसाकातून

मी गेली बरीच वर्षं जपानमधे आहे, इथली गोष्ट सांगते. जुन्या पद्धतीच्या घरात खोल्यांच्या मधे फुसुमा असतात, म्हणजे लाकडी चौकटीवर जाड कागद किंवा कापड लावलेले सरकते पडदे, आणि उजेडाच्या बाजूला शोजी, त्याला पातळ कागद. आधी कळायचंच नाही की हे काढतात कसे, एकही स्क्रू दिसत नाही. मग घरमालकीण आजींनी दाखवलं. वरच्या चौकटीतली खाच खोल असते आणि खालची उथळ. पडदा दोन्ही हातांनी वर उचलायचा, तो वरच्या खाचेत शिरतो, खालची कड सुटते, मग खालून आपल्याकडे ओढला की हातात. पाहुणे जास्त असले की सगळे काढून कपाटात ठेवायचे, चार खोल्यांची एक खोली. शोजीचा कागद फाटला की पाण्याने भिजवून सोलून काढायचा आणि खळीने नवा लावायचा, चौकट तीच राहते. कित्येक घरांत वर्षअखेरीला हेच काम चालतं.

दुसरं म्हणजे शिगेरू बान या आर्किटेक्टचं काम बघा मुक्ताताई, तुमच्या प्रश्नाशी फार जवळचं आहे. २०११ च्या भूकंप-त्सुनामीनंतर हजारो लोक शाळांच्या जिममधे एकत्र झोपत होते, बायकांना कपडे बदलायला आडोसा नाही. त्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांचे खांब, त्यांना भोकं, त्या भोकांत आडव्या नळ्या आणि त्यावर सुती कापड, असे साधारण दोन मीटर बाय दोन मीटरचे कप्पे करून दिले. ना खिळा ना स्क्रू, काही मिनिटांत उभं, आणि पडदा ओढायचा की बाजूला करायचा ते आतल्या कुटुंबाने ठरवायचं. २०२२ मधे युक्रेनहून पोलंडमधे आलेल्या लोकांसाठी तेच वापरलं. २००१ च्या भूकंपानंतर भुजमधेही त्यांनी पुठ्ठ्याच्या नळ्यांची घरं केली होती, पाया पडक्या इमारतींच्या राडारोड्याचा आणि छताला बांबू. आडोसा ही माणसाच्या मानाची गोष्ट आहे हे त्या कामातून दिसतं, तुमच्या सासूबाईंचं वाचून तेच मनात आलं.

पण पुठ्ठा आणि कागद मुंबईच्या हवेत नको बरं का. व्हँकूव्हरची मोलो कंपनी कागदाच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या घड्यांच्या भिंती करते, अकॉर्डियनसारख्या ओढल्या की लांब होतात, दिसायला अप्रतिम. डोंबिवलीत मात्र जुलैत मऊ पडतील, आणि झुरळं-कसर आहेच.


माणदेशी_लोकर

कापडाचा विषय निघालाय म्हणून लिहिते. चौकटीत घोंगडी लावा. खरंच सांगते. दख्खनी मेंढीची लोकर जाडीभरडी असते, तिला बाजारात भाव नाही, कात्रण झाली की धनगर फेकून देतात कित्येकदा, आणि विणणारे सनगर कमी होत चाललेत. उभ्या सुताला चिंचोक्याची खळ देतात, त्याने ते कडक होतं आणि पाण्या-पावसात टिकतं. काळी-पांढरी पट्टी नैसर्गिक रंगाचीच, डाय नाही. लोकर चटकन पेटतही नाही, हॉलला लागून किचन असेल तर हे महत्त्वाचं, सिंथेटिक पडदा वितळून अंगाला चिकटतो. आणि आवाज खाते. कसर लागू नये म्हणून अधूनमधून कडक ऊन दाखवायचं आणि कडुनिंबाचा पाला ठेवायचा एवढंच.


डेसिबल

घोंगडीला माझा विरोध नाही पण आवाज खाते याचा अर्थ नीट समजून घ्या नाहीतर पैसे जातील. आवाज शोषणं वेगळं आणि अडवणं वेगळं. लोकर, गोधडी, जाड पडदा खोलीतला घुमणारा आवाज कमी करतात, तुमचा मीटिंगमधला आवाज समोरच्याला स्वच्छ जाईल. पण पलीकडच्या टीव्हीची मालिका थांबणार नाही, आवाज अडवायला वजन लागतं आणि फट नसावी लागते, इथे तर साडेपाच फुटांच्या वर सगळं मोकळंच आहे. तुम्हाला माईकवाला हेडफोन आणि आईंना टीव्हीचा कॉर्डलेस हेडफोन, बाकी कुठलंही पार्टिशन हे काम करणार नाही.


मुक्ता_डोंबिवली

किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी, खूप आभार. आईंनाही वाचून दाखवलं, कुडाच्या भिंतीचं ऐकून त्या त्यांच्या माहेरच्या घराबद्दल बराच वेळ बोलत होत्या. आवाजाचं पटलं, हेडफोनचंच बघते.

एक गोष्ट मात्र आईंनीच काढली आणि ती माझ्या डोक्यात आली नव्हती. त्या म्हणाल्या, अगं मी चालताना जे हाताला लागेल ते धरते, टेबल, खुर्ची, भिंत, हा स्क्रीन धरला तर? वॉकर घेऊन बाथरूमला जाताना त्यांना याच्या बाजूनेच जावं लागणार. रात्री दोन वेळा तरी उठतात. आता मला घडीच्या स्क्रीनची भीतीच वाटायला लागली.


चौकट

बरं झालं विचारलंत, आईंना नमस्कार सांगा, सगळ्या धाग्यातला हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा आहे. हे कळल्यावर माझं उत्तर बदलतं. जिथे म्हातारं माणूस आधार शोधत चालतं तिथे हलका मोकळा उभा स्क्रीन अजिबात नको, आणि चाकांवरचं काही तर मुळीच नको, ब्रेकवाली चाकं असली तरी.

आता असं करा. खाली वजन आणि वर हलकं. अडीच फूट उंच, दीड फूट खोल, तीन फूट लांब अशी दोन बुटकी कपाटं, पाठीशिवाय, दोन्हीकडून वापरता येतील अशी. त्यात मुलीची जुनी पुस्तकं, डाळ-तांदळाचे डबे, जे जड असेल ते तळाच्या कप्प्यात. भरल्यावर ही कपाटं हाताने ढकलून हलणार नाहीत, आणि वरची कड आईंच्या हाताला बरोबर आधाराच्या उंचीला येते. कडा गोल करून घ्या, हातात नीट धरता आली पाहिजे. आईंना उभं करून मनगटापर्यंतची उंची मोजा, कपाट तेवढंच करा, माझं अडीच फूट तिथे चालवू नका.

त्या कपाटाच्या मधोमध वर तीन फुटांची बांबूची किंवा कापडाची चौकट, खाली कपाटाच्या आतपर्यंत जाणारे दोन उभे दांडे, बोल्टने कसलेले. कडेला हात ठेवायला सहा-सात इंच जागा उरते, चौकट धरायची वेळच येत नाही. दोन कपाटं मिळून सहा फूट झाले, उरले चार फूट, त्यातले तीन फूट तरी वॉकरला पूर्ण मोकळे ठेवा, तिथे पायपुसणंसुद्धा नको. बाहेर आलेले पाय, आडव्या पट्ट्या असलं जमिनीवर काही नको. रात्रीसाठी तिथे खाली हालचालीवर लागणारा छोटा दिवा, बॅटरीवरचा मिळतो, ड्रिल लागत नाही.

गणपतीला बोल्ट काढून चौकटी पलंगामागे, पुस्तकं खाली उतरवून कपाटं भिंतीला. खाली जाड रबर लावा म्हणजे कपाटं सरकणार नाहीत आणि टाइल्सही खराब होणार नाहीत. पुढच्या घरात हॉल मोठा नसला तर हीच कपाटं बुकशेल्फ म्हणून जातात. आणि मुख्य म्हणजे बाथरूममधे आईंना पकडायला दांडा लागेलच, त्यासाठी तरी घरमालकांशी बोला, सक्शनवाले दांडे अंगाचं वजन घ्यायला वापरू नका, सुटतात.


बेट_माणग्याचं

हे आवडलं. मग तट्टीचं माप लहान झालं, तीन बाय तीनच्या दोनच, बुरुडाकडे पटकन होतील. विण अगदी घट्ट नको म्हणावं, उजेड झिरपला पाहिजे, पण उजेड पलीकडून असला की विरळ विणीतून सावली दिसते आणि बाल्कनी आईंच्याच बाजूला आहे. त्यामुळे आईंच्या बाजूने एक पातळ खादीचा पडदा दांडीवर सोडा, कपडे बदलताना ओढायचा, एरवी बाजूला.


मुक्ता_डोंबिवली

मनगटाची उंची मोजली, एकतीस इंच भरली. पडद्यासाठी आईंनी स्वतःची एक जुनी नऊवारी काढून दिलीये, सुती आहे आणि धुऊन धुऊन मऊ झालीये, खादी विकत आणायची गरज नाही. सागवान कल्याणला एका ठिकाणी बघून आलो, दाराच्या जुन्या फळ्या मिळतायत, पण त्यांवर ऑइल पेंटचे थर आहेत. तो तासून काढायचा की तसाच ठेवायचा, आणि तासला तर घरात नको ना करायला?


चौकट

घरात अजिबात नको. जुन्या ऑइल पेंटमधे शिसं असू शकतं, त्याची धूळ पोरीच्या आणि आईंच्या नाकात जायला नको. सुताराला त्याच्या जागेवर उघड्यावर, मास्क लावून, पाणी मारून ओलं घासायला सांगा, आणि तयार झाल्यावर जवसाच्या तेलाचे दोन हात. तेलाच्या चिंध्या चुरगळून ठेवू देऊ नका, त्या आपोआप पेटतात, पाण्यात बुडवून मग टाकायच्या. फळ्या घ्यायच्या आधी खिळे किती आहेत ते मोजून भाव करा, प्रत्येक खिळ्यापाशी दोन इंच लाकूड वाया जातं.